चाखायला कुणीतरी

आमच्या भंडारा जिल्ह्यात पेरूला जाम म्हणतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुण्या-मुंबईचा वाचक जाम म्हटलं की बाटलीतला, पावाला लावायचा पदार्थ समजेल. धुरपताबाई जो पाक करायच्या, तो झाडावरच्या पिकल्या जामांचा, गुळातला, चुलीवर शिजवलेला, दोन-तीन दिवसांत संपवायचा. बाटलीत भरून ठेवायचा नव्हे.

मी आसगावला शिक्षक म्हणून गेलो तो १९७५ च्या जूनमध्ये. खोली मिळाली ती धुरपताबाईंच्या अंगणासमोर, मध्ये फक्त बैलबंडी जाईल एवढा रस्ता. त्यांचं वय तेव्हा पन्नाशीच्या जरा पुढं. बुटक्या, चालायला झपाट्याच्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे नीट पाहणाऱ्या. नवरा सुखराम चार वर्षांपूर्वी वारला होता. मूलबाळ नव्हतं. दीर जागेश्वर पवनीच्या रस्त्यावर वेगळं घर बांधून राहायला गेला होता. वर्षाचं धान तो न चुकता पोचवायचा आणि पोतं उतरवून बाहेरच्या बाहेर निघून जायचा. घरामागं विहिरीजवळ जामाची चार झाडं होती. सुखरामने लावलेली.

सुखराम गेल्यावर जागेश्वर वहिनीला गयेला घेऊन गेला. तिथं पिंडदान झालं की वडाखाली बसून माणसानं एक आवडतं फळ जन्मभरासाठी सोडायचं, अशी रीत आहे. आमच्या भागातली माणसं त्यातही हुशार. कोणी सफरचंद सोडतो, कोणी अक्रोड.

"आमच्या जागेश्वरनं अंगूर सोडले," धुरपताबाई सांगायच्या. "म्या म्हटलं, कायले गा, तुनं जन्मात कधी खाल्ले का? तो म्हणते, वैनी, तोंडाले लागले नाई ते सोडाले सोपे."

"आणि तुम्ही?"

"म्या जाम सोडला. पंडा म्हणे, सोच लो माई. म्या म्हटलं, सोचलं. मेलेल्याले खोटं काहून द्यावं?"

त्या घरी परतल्या तेव्हा मागची चारही झाडं लगडलेली होती.

खाली पडून सडू देणं त्यांना जमणारं नव्हतं. सासूनं शिकवलेला पाक त्या दर हिवाळ्यात करू लागल्या, दोन दिवसांआड एक गंज, म्हणजे पातेलंभर. घट्टसर पिकलेला जाम चिरायचा, मधला बियांचा गर वेगळा काढून पाण्यात उकळायचा आणि फडक्यातून गाळायचा. त्या दाट पाण्यात फोडी सोडायच्या, गूळ, बोटाच्या चिमटीएवढं मीठ, वरून सुंठ. फोड मऊ व्हावी पण मोडू नये. गंज पितळेचा, दरसाल कल्हई केलेला.

अडचण एकच. गोडी बरोबर जमली का हे चाखल्याशिवाय कसं कळणार? आणि त्यांनी तर जाम सोडलेला. मग हातात डाव घेऊन त्या कुंपणापाशी यायच्या आणि जो दिसेल त्याला हाक मारायच्या, "अगा ए, जरा चाखून जा नं!"

माणूस आत यायचा. त्याला पाट, पाण्याचा गडवा, वाटीत दोन फोडी. "कमी का जास्त?" तो म्हणायचा, कमी. मग गुळाचा खडा आत जायचा आणि गूळ विरघळेपर्यंत बसणं आलंच. मग पुन्हा वाटी. एका गंजापायी माणूस अर्धा तास सहज अडकायचा. तेवढ्यात कोणाच्या मुलीचं लग्न कुठं ठरलं, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला कोणाकडे किती पाहुणे आले, तलावात पाणी किती राहिलं, सगळं बोलून व्हायचं.

शेजारच्या मंगलाबाई आधी रोज यायच्या. घरात सून आली, नातू झाला, तसं त्यांचं येणं कमी झालं. श्रावण नावाचा बंडीवाला होता. तो रस्त्यावरूनच ओरडायचा, "काकी, तुह्या जामापायी माहे बैल उभे राहून राहून बंडी ओढाचं विसरले!" पण थांबायचा. नंतर त्याच्या फेऱ्या वाढल्या, थांबणं उरलं नाही. मी आलो तेव्हा हाकेला ओ देणारे दोघं-तिघंच होते, आणि मी समोरच राहणारा, एकटा, चारला शाळा सुटली की मोकळा.

"गुरुजी, चाखून पाहा नं जरा."

तीन हिवाळे मी चाखलं. पहिल्या वेळी गूळ हमखास कमी असायचा. इतकी वर्षं पाक करणाऱ्या बाईचा हात दर वेळी कमीकडेच कसा जातो, याचा मी विचार केला नाही. माझ्या मनात आलं ते शिक्षकाच्या मनात येतं तेच. यांना माप लावून द्यावं.

१९७८ च्या डिसेंबरात मी बाहेरून बी.ए.ला बसत होतो. वेळ थोडा, अभ्यास पुष्कळ. आपली सुटका होईल आणि बाईंनाही दर गंजाला लोकांच्या मिनतवाऱ्या कराव्या लागणार नाहीत, असं दुहेरी भलं मला दिसलं. एका रविवारी सकाळपासून मी त्यांच्या चुलीपाशी बसलो. त्यांचीच एक वाटी माप म्हणून धरली आणि एकामागून एक तीन गंज करवले. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून चुलीजवळच्या भिंतीवर गेरूने चित्रं काढली. फोडींच्या आठ वाट्या, गुळाच्या दोन, गाळलेल्या पाण्याच्या तीन, मिठाची एक चिमूट. गूळ पडल्यावर किती वेळ शिजवायचं? त्या विसाने मोजायच्या, म्हणून पाच विसा, म्हणजे शंभर, मोजायच्या आणि गंज उतरवायचा. तिसरा गंज असा जमला की मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

"घ्या," मी म्हणालो, "आता कुणाला हाक मारायची गरज नाही."

धुरपताबाई भिंतीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग डाव गंजावर आडवा ठेवून म्हणाल्या, "लय बरं झालं, गुरुजी."

त्यानंतर हाक आली नाही. दोन दिवसांआड माझ्या ओट्यावर पळसाच्या पानाने झाकलेली वाटी असायची. पाक अगदी मापात. पहिल्या दिवशी जसा, पंधराव्या दिवशीही तसाच. मी वाचता वाचता खायचो, वाटी विसळून त्यांच्या कुंपणाच्या खांबावर पालथी ठेवायचो. अभ्यास चांगला होत होता.

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. रविवारी दुपारी मी दारात पुस्तक घेऊन बसलो होतो. धुरपताबाई कुंपणापाशी आल्या. हातात डाव होता. श्रावणची बंडी समोरून येत होती. नेमका आज त्याला वेळ होता. त्यानेच बैल थांबवले.

"काकी, आजकाल चाखाले बोलवत नाई? रागावली का?"

"नाई गा. आता लागत नाई. गुरुजीनं माप मांडून देलं."

"चाल, माहे बैल सुटले बापा!" श्रावण हसला आणि बंडी पुढं गेली.

त्याही हसल्या. बंडी मारुतीच्या देवळापाशी वळेपर्यंत त्या तिथंच उभ्या होत्या. मग आत गेल्या. मी पुस्तकाचं पान उलटलं नाही. मी त्यांचं काय काढून घेतलं होतं, ते मला त्या दुपारी दिसलं. महिनाभरात त्या अंगणात कोणी पाय ठेवला नव्हता. मीसुद्धा नाही.

मी उठून गेलो. म्हणालो, "बाई, कालचा पाक जरा अगोड वाटला."

"कसा होईन? दोन वाट्या मोजून टाकल्या."

"फळ बदलतं ना. माप चुकलं असेल माझं."

"तुमचं कसं चुकन? तुमी सहा गावच्या पोरायचे पेपर तपासता." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "गुरुजी, तुमाले खोटं बोलता येत नाई. कान लाल होतात."

त्यांनी पाट सरकवला.

"मले का समजत नोयतं, कमी का जास्त?" त्या म्हणाल्या. "वासानं समजते. तोंडानं सोडला जाम. नाकानं थोडीच सोडला?"

"मग हाक का मारत होता?"

"कामाची हाक मारली त माणूस येते. बिनकामाची कशी मारावी? एकटी बाई रस्त्यावरच्याले उगाच बोलवाले लागली का लोकायले भेव वाटते. वाटते, हे गळ्यात पडन."

हे त्या अगदी सरळ आवाजात म्हणाल्या, जसं कोणी विहिरीला पाणी किती आहे ते सांगावं.

"मी येत जाईन," मी म्हणालो. "हाक नको आणि काम नको."

मी गेलोही. पहिले आठ दिवस रोज गेलो. पण आधी आमच्या दोघांच्या मध्ये गंज असायचा, त्यात पाहत बोलता यायचं. आता मी पाटावर, त्या उंबऱ्यावर, आणि दोघांनाही माहीत की मी कशासाठी आलो आहे. एकदा त्यांनी सवयीने वाटी पुढं केली, "चाखा," आणि आम्ही दोघं ओशाळून हसलो. नववा दिवस चुकला. मग परीक्षा आली. त्या वर्षी माझं लग्नही झालं, पत्नी आली, घरात बोलायला माणूस आलं. ती धुरपताबाईंकडे जाऊन बसायची अधूनमधून, पण तिचा जीव माहेरच्या पत्रात. १९८० च्या मेमध्ये माझी बदली लाखनीला झाली. निघताना धुरपताबाईंनी माझ्या पत्नीची ओटी भरायला मंगलाबाईंना बोलावून आणलं आणि स्वतः दूर, झाडाखाली उभ्या राहिल्या.

पुढं सहा वर्षं मी आसगावला गेलो नाही. लाखनी काही परदेश नव्हे, पण बस बदलत जावं लागतं, आणि माणसाला तेवढं कारण पुरतं.

१९८६ च्या डिसेंबरात पवनीला शिक्षकांचा वर्ग होता. शेवटच्या दिवशी तो दुपारीच सुटला. मी आसगावची बस धरली. परतीची बस साडेपाचची.

चारपैकी दोनच झाडं उरली होती. धुरपताबाई ओट्यावर ऊन खात बसल्या होत्या. पाठीला बाक आला होता. मला ओळखायला त्यांना क्षणभर लागला, मग घाईघाईने उठल्या. पाट आला, गडवा आला.

"बसा, बसा. कालच केला पाक. तुमी येनार हे जामाले माहीत होतं का काय!"

वाटीतल्या फोडी पूर्वीसारख्याच दिसत होत्या. अखंड, लालसर, सुंठ वरून. मी पहिली फोड तोंडात घातली आणि गिळणं अवघड झालं. आत मीठ होतं. चिमूटभर नव्हे, मूठभर असावं.

त्या माझ्या चेहऱ्याकडे पाहत होत्या.

"कमी का जास्त?" त्यांनी विचारलं. या वेळी ते निमित्त नव्हतं. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

मी पाणी प्यायलो. इतक्या वर्षांनी आलेल्या माणसाने काय बोलावं, हे ठरवायला मला पाण्याचे चार घोट लागले.

"मीठ फार पडलंय, बाई. दोनदा-तीनदा पडलं असावं."

त्यांनी डोळे बारीक केले. "पडलं असन. माप भिंतीवर हाये, पर टाकलं का नाई टाकलं ते ध्यानात राहात नाई. अन् नाकाले आता वास येत नाई, गुरुजी. दोन वर्सं झाले. गोवऱ्या जळून राहिल्या तरी समजत नाई मले."

"कुणाला विचारायचं."

"देतो नं मी! काल मंगलाच्या घरी देला. श्रावणच्या घरी देला. जागेश्वरच्या नातवापाशी डबा भरून देला." त्या एकेक घर बोटावर मोजत होत्या. मोजता मोजता बोट थांबलं. "सारे चांगला झाला म्हणत. मागच्या वर्सीपासून सारे चांगलाच म्हणून राहिले."

अंगणात पोपटाने उष्टावलेला एक जाम पडला होता, त्यावर मुंग्या लागल्या होत्या. धुरपताबाई तिकडे पाहत होत्या.

"म्हंजे कोनी खाल्लाच नाई," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी माझ्या हातातली वाटी काढून घेतली. आतून गंज आणला, मागच्या बाजूला जाऊन खड्ड्यात रिकामा केला आणि राखेने घासायला बसल्या. मी झाडाखाली गेलो आणि हाताला येतील तेवढे जाम तोडले. त्यांनी विळी मांडली. त्या चिरत होत्या, मी गर काढत होतो. बोलणं फारसं झालं नाही. कोण वारलं, कोणाचं घर पक्कं झालं, एवढंच. जामाच्या बिया नखात अडकत होत्या.

रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला.

"तुमची गाडी," त्या म्हणाल्या.

"जाऊ द्या."

"बायको वाट पाहीन."

"तिला सांगेन, उशीर झाला म्हणून."

त्यांनी वर पाहिलं नाही. चुलीत काडी सरकवली आणि गुळाची ढेप माझ्याकडे ढकलली. "मग फोडा तो," म्हणाल्या. "मीठ तुमीच टाका."

त्या दिवशी मी शाळेच्या ओसरीत झोपलो आणि सकाळच्या पहिल्या बसने निघालो. त्यानंतर आसगावला माझं जाणं झालं नाही.