मायच्या लुगड्याची सतरंजी

मंडळी, आज सुनेनं दारात नवं पायपुसणं टाकलं, जुन्या कपड्यांच्या चिंध्यांचं. माझा पाय काही त्यावर पडेना.

बहात्तरच्या दुष्काळात मी पूर्णेजवळ विणकाम शाळेत राहून शिकायची. स्वीडनच्या बाई त्यांच्याकडच्या मागावर चिंध्यांच्या सतरंज्या विणायला शिकवायच्या. चिंध्या आम्ही घरून आणायचो, सतरंज्या स्वीडनला विकायला जायच्या, तिकडं त्या दारात, जमिनीवर अंथरायचे.

माझ्यासोबत शिकणाऱ्या बोरीच्या शांताची आई वारली. तिनं आईचं हिरवं लुगडं फाडून सतरंजीत विणलं. तिला वाटलं, एवढी तरी ठेवून घेऊ देतील. बाईंनी लय कौतुक केलं आणि सतरंजी विक्रीच्या गठ्ठ्यात घातली.

शांता मला म्हणाली, "तिकडं लोक माज्या मायवर पाय पुसतेल की गं."

पायपुसणं मी कपाटात ठेवलंय. सून विचारायलीय, "आई, कुठं गेलं?" काय सांगू तिला?