पारखीचाचांचा क्रम

आमच्या गावात दीर्घिकांचा अभ्यास करणारा एकच माणूस होता आणि त्याला दिवस मावळल्यावर दिसत नसे. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे अफाट समूह. हे वाक्य मी वर्गात दरवर्षी सांगत असे आणि विद्यार्थी ते दरवर्षी उतरवून घेत. पारखीचाचांनी ते उतरवून घेतलं नाही. दाखवा म्हणाले.

चाचा खामगावच्या एका जिनिंग फॅक्टरीत कापसाचे पारखी होते. गाडीतून मूठभर कापूस उपसायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा, सरळ झालेले तंतू काळ्या फडक्यावर ठेवायचे आणि प्रत सांगायची, एवढं त्यांचं काम. व्यापारी आणि शेतकरी दोघंही त्यांच्यावर सारखेच नाराज असत, त्यावरून ते प्रामाणिक असावेत. "माल सोता बोलते, आपन मधात बोलू नये," असं ते म्हणत. पावसाळ्यात जिनिंग बंद असे. तेव्हा ते आमच्या कॉलेजच्या वाचनालयात पेपर वाचायला येत.

कॉलेज नवं होतं, महाराष्ट्र राज्यही नवं होतं आणि दोघांनाही उद्घाटनांची आवड होती. परदेशातून भेट आलेल्या पुस्तकांच्या खोक्याचंसुद्धा उद्घाटन झालं. खोकं उघडायचं मात्र राहून गेलं. मी भौतिकशास्त्र शिकवत असल्याने त्यातला दीर्घिकांच्या छायाचित्रांचा जाडजूड संग्रह पुढे कधीतरी माझ्या टेबलावर आला. चाचांनी तो उघडा पाहिला आणि हा कापूस कोणत्या जातीचा, असं विचारलं. काळ्यावर पांढरे पुंजके होते ते. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

मग ते रोज येऊ लागले. प्रत्येक चित्राच्या नंबराची चिठ्ठी करायची, खिडकीखालच्या लांब टेबलावर चिठ्ठ्या ओळीने मांडायच्या, पुन्हा चित्र पाहायचं, एखादी चिठ्ठी दोन जागा पुढे सरकवायची. चित्रं शंभरावर होती. एका चिठ्ठीवर एक दुपार गेलेली मी पाहिली आहे. तरी ते एकही दिवस चुकवत नसत. एवढी घाई कशाची, असं मी विचारत नसे, कारण ती मला माहीत होती. रातांधळेपणा ही नुसती सुरुवात आहे, नजर कडांकडून मिटत येईल, असं अकोल्याच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. चाचा ते एस.टी.ची वेळ सांगावी तसं सांगत. "कापूस हाताले समजते," एकदा म्हणाले, "हे नाई समजत."

क्रम पुरा झाला तेव्हा तो उलटा होता. पुस्तकात आधी गोल, घट्ट दीर्घिका होत्या आणि शेवटी मोकळ्या, भोवऱ्यासारखे हात पसरलेल्या. गोळ्याचे हळूहळू हात सुटतात, असं मी शिकवत आलो होतो. चाचांनी भोवरे आधी मांडले, गोळे शेवटी, आणि मधे ती चित्रं ठेवली ज्यांत दोन दीर्घिका एकमेकींत अडकून त्यांच्या लांब शेपट्या ओढल्या गेल्या होत्या.

"मोकळे दोन ढीग भिडले का त्याईचा गोळा होते, प्रोफेसरसाहेब. गोळ्यातून भवरा निंघताना मी तं नाई पाह्यला."

मी त्यांना समजावलं. पुस्तकात गोल दीर्घिकांना 'आधीच्या' आणि भोवऱ्यांना 'नंतरच्या' म्हटलं होतं. हे शब्द वयाबद्दल नाहीत, अशी तळटीपही तिथे होती. ती मी बऱ्याच वर्षांनी वाचली.

त्यांची इच्छा एकच होती. नजर आहे तोवर एखाद्या जाणत्याने हा क्रम पाहावा आणि कुठे चुकला ते सांगावं, म्हणजे चित्रं पुन्हा पाहता येतील. दूरच्या वेधशाळेतल्या एका विद्वानांना मी इंग्रजीत पत्र लिहिलं. लिहिताना क्रम सरळ करून घेतला. खाली माझी सही होती, आणि माझ्या सहीने चुकीचं काही जाऊ नये असं मला वाटलं. चाचांना सांगायचं राहिलं.

सात महिन्यांनी उत्तर आलं. तुमची मांडणी सर्वमान्य मांडणीशी पूर्णपणे जुळते, अभिनंदन. प्राचार्यांनी चाचांचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, आणि प्राचार्यांचं स्वतःच्या दूरदृष्टीवर भाषण. चाचांना आता नळीतून पाहिल्याइतकंच दिसत होतं, म्हणून नारळ त्यांच्या हातात नीट द्यावा लागला. परतताना फाटकापाशी त्यांनी विचारलं, "सर्वमान्य म्हंजे तुमच्या पुस्तकातला नं?"

"हो."

"मंग माया क्रम त्याच्याशी कसा जुळला?"

मी सांगितलं. त्यांनी नारळ दुसऱ्या हातात घेतला. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"चुकलं म्हनले असते तं चाललं असतं," ते म्हणाले. "आता कोनी पाह्यलंच नाई."

मी दुसरं पत्र लिहिलं, त्यांच्या क्रमाने. त्याचं उत्तर आलं नाही. पुढच्या पावसाळ्यात चाचा वाचनालयात आले नाहीत. माझीही बदली झाली.

पंधराएक वर्षांनी एका नियतकालिकात लेख वाचला. भोवऱ्यांसारख्या दीर्घिका एकमेकींवर आदळून त्यांच्यातून गोल दीर्घिका बनत असाव्यात, असं आता काही शास्त्रज्ञ म्हणू लागले होते. मी खामगावची गाडी धरली. चाचा त्याच जिनिंगमध्ये स्टुलावर बसले होते. डोळे पूर्ण गेले होते, बोटांवर काम चालू होतं. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं, चहा मागवला. मी लेख वाचून दाखवला, जरा समारंभानेच.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "शंभराच्या शंभर बराबर तं नसतीन. माया कोनत्या चिठ्ठ्या चुकल्या?"

मला माहीत नव्हतं. ते बघायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"बरं," चाचा म्हणाले, आणि हात पुढे करून त्यांनी पुढच्या गाडीतला कापूस मागितला.