मिनेकोचा शिक्का आणि सहावा टप्पा

इसोबेने ‘शिओमाची’वर एक ओळसुद्धा लिहिली नाही. जगातल्या सगळ्या जुन्या गेमांची पिसं काढली पठ्ठ्याने, पण सख्ख्या बहिणीच्या गेमवर कागद कोरा. म्हणून मला सांगावं लागतंय. मी काही लिहिणारी बाई नाही. जपानातल्या कोकुराच्या बाजारगल्लीत माझ्या नवऱ्याने ‘हिबारी’ नावाचं, नाणं टाकून खेळायच्या गेम-मशीनचं दुकान काढलं, तो गेल्यावर मी चालवलं, आणि आत येणारं प्रत्येक माणूस मला मावशी म्हणतं. एवढीच माझी ओळख.

तात्सुरो इसोबे मासळीच्या वाफवलेल्या वड्यांच्या कारखान्यात कामाला. पहाटेपासून गार पाण्यात हात, त्यामुळे पन्नाशीतच अंगठे आखडलेले. दुपारी सुटला की थेट माझ्याकडे.

“अरे, निदान साबणाने हात तरी धूत जा,” मी ओरडायची. “सगळ्या मशीनना मासळीचा वास लागलाय.”

“मावशी, तुमच्या दुकानाला मुळात सिगारेटचा वास आहे. मी आल्यापासून जरा बरा झालाय तो.”

असा तोंडाळ. तीन-चार डोकं फिरलेल्या मित्रांना धरून तो जुन्या गेमांवर एक पातळ मासिक काढायचा. परीक्षणं बहुतेक यानेच लिहिलेली, आणि काय एकेक वाक्य! रणगाड्यांच्या एका गेमबद्दल लिहिलं होतं, ‘तिसरा टप्पा ज्याने रचला त्याला घरी कोणी प्रेमाने जेवायला वाढत नसणार.’ विमानांच्या एकाबद्दल, ‘संगीत उत्तम. बाकी सगळं ते ऐकू येऊ नये म्हणून केलेलं.’ मी गल्ल्यावर बसून वाचायची आणि एकटीच हसायची.

त्याचा नियम एकच होता. एका नाण्यात शेवटापर्यंत गेल्याशिवाय त्या गेमवर लिहायचं नाही. मेल्यावर दुसरं नाणं टाकून तिथूनच उठता येतं, सगळं जग तेच करतं. पण जुने गेम हुशार. दुसरं नाणं टाकणाऱ्याला ते खोटाच शेवट दाखवून वाटेला लावतात. खरा शेवट एका नाण्यातच. “आणि मावशी,” तो म्हणायचा, “सांगून मारतो तो गेम प्रामाणिक. न सांगता मारतो तो चोर. पण हे शेवटपर्यंत गेल्याशिवाय कळत नाही. अर्ध्यातून उठलेल्याने तोंड उघडू नये.”

आता त्याच्या बहिणीचं सांगते. मिनेको त्याच्याहून बरीच मोठी. पलीकडच्या गावात चार खोल्यांची एक गेम कंपनी होती, तिथे ती काम करायची. ‘शिओमाची’, म्हणजे भरतीची वाट बघणं, हा गेम तिचाच. एक छोटी मासेमारीची होडी सामुद्रधुनीतून पलीकडे न्यायची, एवढीच गोष्ट. पण पाण्याला ओढ. होडी सरळ जातच नाही, पाणी तिला बाजूला खेचतं, आणि मध्येच भरतीची दिशा उलटते. असे सहा टप्पे. गेम बाजारात आला त्या हिवाळ्यातच मिनेको आजारी पडली आणि वसंत यायच्या आत गेली. कंपनीही लवकरच बुडाली. गेम ज्यात भरलेला असतो ते सर्किटचे बोर्ड हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले होते, त्यातला एक कंपनीने भावाला दिला. तो त्याने माझ्याकडे आणून लावला. म्हणाला, “घरात ठेवला तर तो फोटो होईल. इथे कोणीतरी खेळेल.”

खेळायचा मात्र तोच. रोज एक नाणं. पाच टप्पे हा माणूस डोळे मिटून पार करायचा, आणि सहाव्यात, दुसऱ्या दीपस्तंभापाशी पाणी उलटलं की बुडायचा. इतकी वर्षं! जगातले सगळे गेम संपवणारा माणूस, आणि तिथेच बुडतो? कधी कधी मला वाटायचं, हा मुद्दाम मरतोय. संपला की मग बहिणीचं नवीन काही उरणार नाही ना, म्हणून. बोलले नाही मी कधी.

बोर्ड पत्र्याच्या चपट्या डब्यात असायचा. डब्याच्या फटीवर पांढऱ्या कागदाची पट्टी, आणि पट्टीवर फटीच्या अर्धा इकडे अर्धा तिकडे असा मिनेकोचा लाल शिक्का. तपासलेल्या डब्यावर ज्याने तपासलं त्याचा शिक्का, अशीच त्यांची रीत. पट्टी शाबूत तर डबा कोणी उघडलेला नाही. आणि या जुन्या गेमवाल्यांत तर न उघडलेला बोर्ड म्हणजे देव. 

आत एक सेल असतो. गेमचा जीव त्या सेलवर. सेल संपला की बोर्ड सगळं विसरतो, आणि विसरला की कायमचा. ओगुशी नावाचे म्हातारे कारागीर माझी मशीनं बघायचे. त्यांनी इसोबेला कितीदा सांगितलं असेल!

“अरे बाबा, पट्टी फाडू दे, सेल बदलतो. अर्ध्या तासाचं काम.”

“पट्टीला हात लावायचा नाही, ओगुशीसान.”

“मग बहिणीचा गेम मरेल.”

“अजून चालतोय की.”

चालत होता, तोवर चालत होता.

त्या दिवशी वादळ येणार म्हणून बाजारगल्लीतली सगळी दुकानं शटर ओढून बसली होती. मी सकाळी मशीनं चालू केली, तर ‘शिओमाची’च्या पडद्यावर अक्षरांचा नुसता चिवडा. मग पडदा थरथरला आणि कशीबशी होडी उमटली. ओगुशींना फोन केला, ते भिजत आले, पडद्याकडे बघत राहिले.

“सेल गेला,” ते म्हणाले. “गेम आज कसाबसा उठलाय. आता विजेवर तगून आहे. बंद करू नका मावशी, बंद झाला की संपला. चालू ठेवूनच उघडतो, नवा सेल बाजूला जोडतो, मग जुना काढतो. पण आत्ताच्या आत्ता. हे वादळ वीज ठेवणार नाही.”

मी कारखान्यात निरोप धाडला. इसोबे पांढरे रबरी बूट घालून तसाच धावत आला. सगळं ऐकल्यावर त्याने आधी पडद्याकडे पाहिलं, मग ओगुशींकडे.

“चालू बोर्डावर सोल्डरचा डाग देताना काही बिघडलं तर?”

“तर बिघडलं,” ओगुशी म्हणाले. “देवाला नमस्कार करून हात घालायचा. दुसरा उपाय नाही.”

“मग आधी मला एक डाव खेळू द्या. एकच. शेवट बघितल्यावर उघडा.”

“वेडा झालास का रे?” मी ओरडले. “बाहेर बघ, पत्रे उडतायत!”

पण त्याने नाणं टाकलंसुद्धा. असा खेळताना मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं. एरवी तो खेळताखेळता बडबडतो, गेमला शिव्या देतो, बहिणीला टोमणे मारतो, ‘ताई, हा खडक इथे ठेवताना झोपेत होतीस का?’ त्या दिवशी चकार शब्द नाही. नुसते दात आवळलेले. वर छपरावर वारा आपटत होता, दिवे दोनदा मंद झाले. पाच टप्पे गेले. सहावा आला. पहिला दीपस्तंभ गेला. दुसऱ्यापाशी पाणी उलटलं, आखडलेला अंगठा बटणावरून सटकला, आणि होडी बुडाली.

त्याने मशीनवर कपाळ टेकलं. “मावशी, मुद्दाम नाही मेलो मी,” तो म्हणाला. म्हणजे माझ्या मनातलं त्याला ठाऊक होतं तर. “खरंच येत नाही मला. पाणी उलटायच्या आधी ती तीन लाटा दाखवते. सांगून मारते. प्रामाणिक आहे ती. मीच कमी पडतो.”

“बस झालं,” ओगुशी म्हणाले. त्यांनी मशीनचं मागचं दार उघडलं, तारा न काढता डबा अलगद बाहेर ओढून स्टुलावर ठेवला, आणि पातं पट्टीवर टेकवलं. इसोबेने त्यांचं मनगट धरलं.

“फाडू नका. मी सोडवतो. अख्खी सोडवतो.”

“अरे, वेळ कुठे आहे?”

“दोन मिनिटं. मावशी, गरम टॉवेल द्या ना. पाया पडतो तुमच्या.”

मग मात्र माझं डोकं फिरलं. “इसोबे, तुझी ही बहीण माझ्या दुकानात कंपनीचे बोर्ड दुरुस्त करायला यायची, तेव्हा या पट्ट्या नखाने टराटरा फाडायची! माझ्या डोळ्यांदेखत! काम झालं की खिशातून नवी पट्टी काढायची, चिकटवायची, ठप्पकन शिक्का मारायची आणि चहा मागायची. तिला काडीची किंमत नव्हती या कागदाची!”

“तेव्हा ती होती, मावशी,” तो म्हणाला. “पुन्हा मारायला ती होती. आता कोण मारणार?”

मी गरम टॉवेल पिळून आणून दिला. देऊ नये असं वाटत होतं आणि दिला.

त्याने टॉवेल पट्टीवर धरला, अगदी कोपऱ्यापुरता, पाणी आत जाऊ नये म्हणून. मग वड्या फळीवरून सोडवतात तशी खिशातली बांबूची पातळ कामटी खालून सरकवली. काय हात चालत होता त्याचा! मघाशी बटणावरून सटकणारा अंगठा इथे जरासुद्धा हलला नाही. एक बाजू सुटली. लाल शिक्क्याचा अर्धा भाग सुटला. ओगुशी नवा सेल हातात घेऊन उभे, पुटपुटत होते, “चल रे, चल, चल.” पडद्यावर होडी आपली डुलत होती, नाण्याची वाट बघत. दुसरा अर्धा सुटला. फक्त एक कोपरा राहिला होता, नखाएवढा.

आणि दिवे गेले.

अंधार म्हणावा तसा नव्हता, दुपारच होती. शटरच्या फटीतून करडा उजेड येत होता. पण सगळी मशीनं एकदम गप्प झाली. इतकी वर्षं तो गोंगाट कानात घेऊन मी जगले, आणि त्या दिवशी मला पावसाचा आवाज ऐकू आला. ओगुशींनी हातातला सेल खिशात टाकला. इसोबेने तो शेवटचा कोपरा सोडवला. पट्टी अख्खी निघाली, कुठे सुरकुतीसुद्धा नाही. ती तळहातावर घेऊन तो तसाच बसून राहिला. मला त्याला थोबाडीत मारावीशी वाटली आणि कुशीतही घ्यावंसं वाटलं. मी दोन्हीपैकी काही केलं नाही, चहा ठेवला.

संध्याकाळच्या आत वीज आली. मशीनं एकेक करून उठली, गायला लागली. ‘शिओमाची’चा पडदा उजळला, आणि त्यावर रंगीत ठिपक्यांची भरड. होडी नाही, पाणी नाही. ओगुशींनी डबा उघडला, नवा सेल बसवला, उगाच. मग माझ्याकडे बघून मान हलवली, टोपी घातली आणि निघून गेले.

“लिही आता,” मी इसोबेला म्हटलं. “पाच टप्पे तर पाहिलेस. तेवढ्यावर लिही. लोकांना कळू दे असा गेम होता म्हणून.”

“शेवट नाही पाहिला, मावशी. नियम म्हणजे नियम.”

“चुलीत घाल तुझा नियम!”

तो उठला. मला वाटलं, निघाला घरी. पण तो त्या मशीनसमोर बसला. खिशातून नाणं काढून टाकलं. मशीनने ते गिळलं, आवाजसुद्धा केला नाही. इसोबेने दांडी धरली आणि खेळायला लागला.

समोर नुसते ठिपके. आणि याचे हात चाललेले. डावीकडे, डावीकडे, बटण, थांब, उजवीकडे. सुरुवातीला मला वाटलं, याचं डोकं गेलं. मग मला दांडी-बटणांचे ते आवाज ओळखू यायला लागले. इतकी वर्षं रोज ऐकलेले, गल्ल्यावर बसून. हा पहिला टप्पा. ही जाळ्यांची रांग. हा तो खडक, ताई झोपेत होतीस का म्हणायचा तो. एकही बटण इकडचं तिकडे नाही. दुसरा, तिसरा, चौथा. मी हातातली किटली खाली ठेवली. पाचवा टप्पा गेला, सहावा लागला. दांडी खडखडत होती. पहिला दीपस्तंभ गेला. तो पुढे झुकला. दुसरा दीपस्तंभ आला असावा, कारण त्याने तोंडातल्या तोंडात मोजलं. एक लाट. दुसरी लाट. तिसरी लाट.

पाणी उलटलं. अंगठा या वेळी बटणावर बरोबर पडला, घट्ट. मी स्वतः ऐकलं.

मग त्याचे हात थांबले. दांडी धरलेली, बोटं बटणावर, आणि तो समोर बघत बसला. तिथून पुढे होडी कुठे न्यायची ते त्याला माहीत नव्हतं.