काढू का? व्हय / न्हाय

"फुकट हाय, पण फालतू न्हाय." हे म्हणताना भाऊ समोरच्या कॉम्प्युटरच्या डोक्यावर पंजा ठेवायचे, ताप बघितल्यासारखा. मग गिऱ्हाइकाकडं बघायचे. गिऱ्हाइकाला त्यातलं 'फुकट' एवढंच ऐकू गेलेलं असायचं.

भाऊ म्हणजे माझे शेजारी. नारायणगावला स्टँडच्या मागच्या गल्लीत माझी लग्नपत्रिकांची प्रेस, आणि तिला भिंत लावून त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. मूळचे पिंपरी पेंढारचे. टेलिफोन खात्यातली उभी नोकरी खांबावर चढण्यात गेली आणि निवृत्त होऊन माणूस खाली उतरला तो थेट लिनक्समध्ये. नाव सांगत नाही. गावात सगळे त्यांना भाऊच म्हणायचे, आणि आमच्या गावात भाऊ नसलेला माणूस शोधूनच काढावा लागेल.

लिनक्स म्हणजे काय, हे त्यांनी मला वीसेक वेळा तरी सांगितलं असेल. कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली. मालक कोणी नाही. कोणीही घ्यावी, आपल्या सोयीनं बदलावी, पुढं द्यावी. अशा बदललेल्या प्रत्येक वाणाला डिस्ट्रो म्हणतात. जगात असे शेकडो आहेत म्हणे.

"मग कंपनीला काय मिळतं?" मी विचारायचो.

"कंपनीच न्हाय."

"मग चालवतं कोण?"

"आपणच की राव."

इथं माझा विश्वास उडायचा. आपण सगळे मिळून काय काय चालवतो ते मी गल्लीत रोज बघत होतो.

तळेघरच्या वरच्या अंगाला एक शाळा आहे. तिथल्या मुख्याध्यापक बाई एक दिवस दोन बस बदलून भाऊंकडं आल्या. शाळेत कोणी तरी दिलेले आठ जुने कॉम्प्युटर होते. नवी प्रणाली त्यांना पेलत नव्हती आणि जुनी उघडत नव्हती. वरून कागद आला होता, बंद यंत्रं भंगारात द्यावीत.

"भाऊ, हे गेले की दुसरे यायचे नाहीत," बाई म्हणाल्या. "माझ्या मुलींनी आत्ता कुठं माऊस धरलाय. पुढं कॉलेजात गेल्या की त्यांनी काय नुसतं बघत बसायचं?"

भाऊंनी थोडा विचार केला. म्हणाले, "बाई, त्यांना भंगारात जाऊ देत न्हाय. शब्द."

आणि मग आठ महिने हा माणूस स्वतःची डिस्ट्रो बनवत बसला. जुन्या यंत्रांवर पळणारी, आणि आपल्या बोलीत बोलणारी. मराठीसाठी त्यांनी मला धरलं. मी पत्रिका छापतो म्हणजे मला शुद्धलेखन येतं, असा त्यांचा समज होता. माझाही होता.

आमचं पहिलं भांडण 'होय-नाही'वरून. भाऊंनी पडद्यावर 'व्हय' आणि 'न्हाय' लिहिलेलं.

"भाऊ, हे लिखाण आहे. तमाशाचा फड नाही."

"तुमी घरी काय म्हणता?"

"घरी काय म्हणतो त्याचा इथं काय संबंध?"

"ह्यावर बसणाऱ्या पोरी कुठनं येणार? घरनंच की."

व्हय-न्हाय राहिलं. पण 'डिलीट'च्या वेळी मी ऐकलं नाही. भाऊंनी तिथं 'फेकून द्या' लिहिलं होतं. मी म्हटलं, शाळेत जायची वस्तू, जरा सभ्य लिहा, 'काढा' करा. आणि 'प्रिंट'ला 'छापा', कारण मी छापखानेवाला. भाऊ जरा घुटमळले, मग माझ्या वयाकडं बघून 'काढा' लिहिलं. वयानं मी त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, आणि ही गोष्ट मी त्यांना कधी विसरू दिली नव्हती.

मग नाव. नावासाठी व्हॉट्सॲपवर एक ग्रुप निघाला आणि बघता बघता दोनशेवर माणसं त्यात घुसली. त्यातल्या निम्म्यांना हे टोमॅटोचं नवीन वाण आहे असं वाटत होतं. कोणी सुचवलं, जुन्नर तालुक्याची ओळख म्हणून 'बिबट्या' ठेवा. त्यावर एकानं लिहिलं, परवाच माझी शेळी नेली, ते नाव माझ्या घरात चालू व्हायचं नाही. एका कार्यकर्त्यानं आपल्या साहेबांचं नाव सुचवलं. दुसऱ्यानं दुसऱ्या साहेबांचं. शेजारच्या आंबेगावची मंडळी म्हणाली, दर वेळी जुन्नरच का? शेवटी भाऊंनी नाव ठेवलं 'आपलं'. तासाभरात ग्रुपवर प्रश्न आला, आपलं म्हणजे नेमकं कोणाचं?

तुमच्याकडंही असे ग्रुप असतील, तेव्हा जास्त सांगत नाही.

लोकार्पण मंगल कार्यालयात झालं. फ्लेक्स मीच छापला. त्यावर सात पुढारी होते आणि कॉम्प्युटर एकही नव्हता. पाहुणे दोन तास उशिरा आले. त्यांनी मॉनिटरसमोर नारळ फोडला, पाणी कीबोर्डात गेलं, आणि भाषणात ते म्हणाले की भाऊंनी तयार केलेलं हे ॲप तालुक्याचं नाव दिल्लीपर्यंत नेईल. भाऊ स्टेजच्या कडेला खाली बसून रुमालानं कीबोर्ड पुसत होते. टाळ्या झाल्या तेव्हा त्यांनी वर बघितलं आणि कोणासाठी ते न कळून आपणही वाजवल्या.

त्या दिवसापासून प्रतिक्रिया सुरू झाल्या. ह्यात गेम चालतंय का? पाठीमागच्या चित्रात द्राक्षं आहेत, टोमॅटो का नाहीत? टोमॅटोवाल्यांवर हा अन्याय नाही का? रंग हिरवा कशापायी, रंग निळा का नाही, भगवा ठेवला तर कोणाच्या पोटात दुखतं? पुण्याहून दोन शिकलेली पोरं खास मोटरसायकलवर आली. त्यांनी पाच मिनिटं बघितलं आणि निकाल दिला, "काका, हे नवीन नाहीच. दुसऱ्याचं घेऊन वर तुम्ही रंग दिलाय."

"व्हय," भाऊ म्हणाले. "सगळं दुसऱ्याचंच हाय. फुकट हाय, पण फालतू न्हाय. चहा घेणार?"

पोरांना भांडण हवं होतं. चहा घेऊन गेली आणि जाताना इंटरनेटवर कुठं तरी तीन पानांची टीका टाकून गेली. भाऊंनी ती मला कौतुकानं वाचून दाखवली. "लई बारकाईनं बघितलंय राव पोरांनी."

पुढं आंबेगावच्या मंडळींनी वेगळी चूल मांडली. 'आपलं'च घेतलं, नाव 'आमचं' केलं, द्राक्षांच्या जागी बटाटे लावले. मला राग आला. भाऊ म्हणाले, "घेऊ द्या की. त्यासाठीच तर ठिवलंय."

गंमत अशी, की ग्रुपवर सगळ्यात जास्त तावातावानं बोलणाऱ्यांपैकी एकानंही हे आपल्या कॉम्प्युटरवर चढवलं नव्हतं. मीही नाही. माझे पत्रिकांचे जुने फॉन्ट त्यावर चालत नाहीत, हे खरं कारण; पण मी भाऊंना ते कधी सांगितलं नाही. "लग्नसराई संपू द्या," म्हणायचो. आमच्याकडं लग्नसराई संपत नाही.

ती डिस्ट्रो मनापासून कोणी वापरत असेल तर तळेघरची ती शाळा. आठपैकी सात यंत्रं उठली. बाई फोन करून सांगायच्या, आज मुलींनी अर्ज टाइप केला, आज भात आणि नाचणीचा तक्ता केला. भाऊ फोन स्पीकरवर टाकून भिंतीपलीकडून मला ऐकवायचे.

आणि मे महिन्यात व्हायचं ते झालं.

आठवीच्या मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले बाईंनी स्वतः बसून कॉम्प्युटरवर तयार केले होते. आठवड्याचं काम. मुलं पुढच्या शाळेत जायची होती, पालक ओसरीवर बसलेले. बाईंनी सगळे दाखले निवडले आणि बटण दाबलं. पडद्यावर दोन शब्द दिसले, 'छापा' आणि 'काढा'. आता तुम्हीच सांगा, दाखला कोणी छापतं का? छापतात पत्रिका. छापा पडतो तो पोलिसांचा. दाखला आपण काढतो. सातबारा काढतो, रेशनकार्ड काढतो. बाईंनी 'काढा' दाबलं. कॉम्प्युटरनं अदबीनं विचारलं, "काढू का?" बाईंनी 'व्हय' दाबलं आणि प्रिंटरपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

बऱ्याच वेळानं त्यांच्या लक्षात आलं की काहीच निघत नाही. जुन्या यंत्रात जागा कमी, म्हणून भाऊंनी कचरापेटी ठेवलीच नव्हती. गेलं ते गेलं.

भाऊ दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं गेले. तीन दिवस शाळेच्या बाकावर बसून त्यांनी रजिस्टरवरून सगळे दाखले पुन्हा टाइप केले, एका बोटानं. पण बातमी वर गेली होती. शिक्षण खात्याच्या साहेबांनी फोनवर सांगितलं, असली घरगुती प्रणाली चालणार नाही, जूनमध्ये तपासणीला येतो, मग बघू. आठवडाभर ग्रुपवर निषेध चालला. ज्यांनी कधी दाखला बघितला नव्हता ते दाखल्यांच्या पावित्र्यावर लिहू लागले. कोणी भाऊंचा राजीनामा मागितला. कशाचा, ते त्यानं लिहिलं नव्हतं.

परत आल्यावर भाऊंनी पुन्हा 'फेकून द्या' केलं आणि नवी आवृत्ती सोडली. मला काही बोलले नाहीत. मी काहीतरी बोलावं म्हणून भिंतीपाशी उभा राहिलो आणि पत्रिकेचा एक गठ्ठा उगाच इकडचा तिकडं करून परत फिरलो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात भाऊंच्या छातीत दुखलं. चार दिवस दवाखान्यात होते, पाचव्या दिवशी गेले. इतकं पटकन माणूस जातो याचा मला रागच आला.

ग्रुपवर त्या दिवशी भांडण नव्हतं. सगळ्यांनी एकच फुलाचं चित्र टाकलं. त्याखाली एकानं विचारलं, "आता अपडेट कोण देणार?" मला त्याला चार शब्द सुनावायचे होते. पण प्रश्न बरोबर होता, आणि उत्तर द्यायला कोणीही पुढं आलं नाही.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी बाई माझ्या प्रेसमध्ये आल्या. हातात तपासणीचा फॉर्म. शेवटच्या ओळीत रकाना होता, 'यंत्रांची देखभाल करणारी व्यक्ती'. तो रिकामा राहिला तर सोमवारी टेम्पो येऊन सातही यंत्रं उचलणार होता. बाईंनी ग्रुपवर विचारलं होतं. सगळ्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं होतं.

"तुम्ही भाऊंच्या जवळचे," बाई म्हणाल्या. "कोणी माहितीतलं आहे का? माझ्यामुळं आधीच त्यांना त्रास झाला. मी चुकीचं दाबलं. ते मात्र तीन दिवस म्हणत होते, बाई, तुमची काही चूक न्हाय, शब्द माझाच चुकला."

मी खुर्चीत बसलो. म्हटलं, "बाई, तो शब्द त्यांचा नव्हता. माझा होता. त्यांनी आधी बरोबरच लिहिलं होतं."

मी पेन घेतलं आणि त्या रकान्यात माझं नाव लिहिलं. इतकी वर्षं दुसऱ्यांची नावं छापली, पण एवढं जपून कधी लिहिलं नसेल.

"तुम्हाला येतं हे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

सोमवारी साहेब आले. रकाना भरलेला बघितला, सही केली, चहा घेतला आणि गेले. टेम्पो आला नाही. तेव्हापासून महिन्यातून दोन शनिवार मी तळेघरला जातो. बरंचसं काम मुलीच करतात. मी खुर्चीवर बसतो आणि वहीत 'देखभाल केली' असं लिहितो.

मागच्या खेपेला एक यंत्र काही केल्या उठेना. पडदा काळा. मुलींचं सगळं करून झालं होतं आणि त्या माझ्याकडं बघत होत्या. मला काय सुचलं कोण जाणे, मी "थांबा, भाऊंना विचारतो," म्हणालो आणि नंबर लावला. वाजल्यावर चूक कळली, पण तेवढ्यात फोन उचलला गेला होता. भाऊंच्या घरच्या वहिनी होत्या.

"बोला भाऊजी."

जे विचारायला फोन केला होता तेच विचारलं. पडदा काळा झालाय, चालू होत नाही.

त्या म्हणाल्या, "मला त्यातलं काय कळत न्हाय. पण ते आदी मागची वायर काढून, पुसून परत लावायचे. घरच्या टीव्हीलाबी तेच करायचे."

मी मुलींना तसं सांगितलं. एकीनं वायर काढली, ओढणीनं पुसली, परत लावली. पडद्यावर हिरवा रंग आला आणि द्राक्षं दिसली.

"लागला," मी फोनवर सांगितलं.

"लागला का? बरं झालं," वहिनी म्हणाल्या. मग बराच वेळ दोघांपैकी कोणीच फोन ठेवला नाही.