बत्तीसचा एमसीबी

"डीप सेकंड डिग्री बर्न्स," डॉक्टर म्हणाले आणि माझ्या उजव्या हाताची पाठ पुन्हा एकदा पाहिली. वरची कातडी गेलीच होती, तिच्याखालचा थरही खोलवर भाजला होता. अशी जखम आपोआप नीट भरत नाही. मांडीची कातडी काढून तिथे बसवावी लागते, त्याला स्किन ग्राफ्टिंग म्हणतात. मी एकच विचारलं, कात्री धरता येईल का?

"आधी हात वाचवू. बोटांचं नंतर बघू."

मी ब्लाउज शिवते. वर्तकनगरात गेली अठरा वर्षं हाच उद्योग. शिलाई कुणीही मारतं, खरं कसब कटिंगचं. कापड एकदा चुकीचं कापलं की देवही सांधू शकत नाही. त्यामुळे डॉक्टरांचं 'नंतर' मला फार लांबचं वाटलं.

माजिवड्याच्या त्या हॉस्पिटलात सिस्टर फॉर्म भरत होत्या. कसं भाजलं, असं त्यांनी विचारलं. माझा नवरा सुहास म्हणाला, "शॉर्ट सर्किट झालं." त्यांनी तेच लिहिलं. मोठा सोयीचा शब्द आहे हा. तो उच्चारला की दोष भिंतीतल्या वायरीत जातो आणि घरातली सगळी माणसं सुटतात.

खरं काय झालं ते सांगते. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो. दोन फोकस, चार माळा, मूर्तीमागचं फिरतं चक्र, कारंज्याची मोटर, हे सगळं एका एक्स्टेंशन बोर्डात. पाहुण्यांच्या कॉफीसाठी केटलही त्यातच. स्वयंपाकघरात ओट्यावर नैवेद्याचा पसारा असतो, म्हणून. पहिल्या दिवशी आरती ऐन रंगात आली आणि हॉल अंधारला. एमसीबी पडला होता. एमसीबी म्हणजे मीटरच्या बोर्डातला तो खटका, जो वायरीवर जास्त भार आला की स्वतः पडतो. आम्ही तो वर केला, तो पुन्हा पडला. सासूबाईंचा चेहरा उतरला. देवासमोर दिवे गेले, म्हणजे काहीतरी चुकलं.

सुहास कारखान्यात मेंटेनन्सला आहे, त्यामुळे सगळ्या नातेवाइकांचा तोच वायरमन. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सहा अँपिअरचा एमसीबी काढून बत्तीसचा बसवला, म्हणजे पाचपट भार आला तरी न पडणारा. त्यानंतर खटका एकदाही पडला नाही. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. टॉर्च मी धरला होता, हेही सांगून टाकते.

जो खटका पडत होता तो बिचारा ओरडून सांगत होता की वायर तापतेय. आम्ही त्याचं तोंडच बंद केलं.

चौथ्या दिवशी दुपारी सासूबाई मखराशेजारी आरामखुर्चीत झोपल्या होत्या. एक्स्टेंशन बोर्ड दिसू नये म्हणून पडद्यामागे दडवला होता. तो वितळला आणि पडदा खालून पेटला. निळ्या सॅटिनचा तो पडदा मीच शिवला होता. ज्वाळा खुर्चीच्या दिशेने यायला लागल्या तसा मी तो दोन्ही हातांनी ओढून खाली पाडला. सॅटिन जळत नाही नुसतं, ते पाक होऊन चिकटतं. ते माझ्या उजव्या हाताच्या पाठीला चिकटलं.

सुहास बादली घेऊन धावला. शेजारचे कांबळे भाऊ दारातून ओरडले, "पाणी नको, आधी मेन पाडा!" आणि स्वतःच पळत जाऊन त्यांनी मेन स्विच पाडला. वीज चालू असताना पाणी मारलं असतं तर आणखी एकदोघे माझ्याबरोबर हॉस्पिटलात आले असते, किंवा आलेच नसते.

पुढचा मूर्खपणाही लिहिते, कारण तो घरोघरी होतो. सासूबाईंनी माझ्या हाताला टूथपेस्ट फासली. दर्शनाला आलेल्या जाऊबाई हळद आणायला धावल्या. हॉस्पिटलात ती पेस्ट खरवडून काढताना मी जशी किंचाळले, तशी पडदा ओढताना किंचाळले नव्हते. हात इतका सुजला की अंगठी कापून काढावी लागली. डॉक्टर चिडून म्हणाले, "वीस मिनिटं नळाचं साधं पाणी आणि अंगठ्या-बांगड्या लगेच काढायच्या. एवढंच करायचं असतं, आणि तेवढंच कुणी करत नाही."

सहाव्या दिवशी ग्राफ्टिंग झालं. पाच दिवसांनी पट्टी सोडताना डॉक्टर म्हणाले, "ग्राफ्ट घेतलंय." म्हणजे मांडीची कातडी हातावर जगली होती. हात शाबूत राहिला. मांडीची जखम मात्र हातापेक्षा जास्त छळते, हे आधी कुणी सांगत नाही.

भेटायच्या वेळेत नातेवाईक यायचे. प्रत्येकाच्या तोंडी एकच, मूर्तीला साधी झळ लागली नाही, बाप्पाने तारलं. माझे दीर आणि जाऊबाई डोंबिवलीहून दर रविवारी यायचे, ते तर येणाऱ्याजाणाऱ्याला हा चमत्कार सांगायचे. सुहास मान डोलवायचा. मला संताप यायचा. मूर्तीला झळ लागली नाही, कारण पडदा मी ओढला. पण हे बोललं की नास्तिक ठरायची भीती, म्हणून गप्प बसले.

घरी आल्यावर सुहासने माझं सगळं केलं. भरवलं, वेणी घातली, रोज तेल लावून जखमेचे व्रण चोळले. फक्त 'चूक माझी होती' हे एक वाक्य तो बोलला नाही. मी वाट पाहत होते.

मग फिजिओथेरपी. भरताना नवी कातडी आवळते आणि बोटांना वाकू देत नाही, त्याला कॉन्ट्रॅक्चर म्हणतात. रात्री स्प्लिंट, म्हणजे हात ठरावीक अवस्थेत बांधून ठेवणारी पट्टी. दिवसा प्रेशर ग्लोव्ह, म्हणजे व्रण दाबून ठेवणारा घट्ट हातमोजा. थेरपिस्ट मुलगी वर्षाच्या आत माझी सख्खी झाली, पण बोट वाकवताना ती दया दाखवायची नाही. अंगठा आला, तर्जनी आली, मधलं आलं. शेवटची दोन अडून बसली. टेलरची जड कात्री त्या दोघांच्या जोरावर पेलते.

अकरा महिन्यांनी, पुन्हा गणपती तोंडावर आले असताना, आम्ही तपासणीला गेलो. डॉक्टरांनी मूठ वळायला सांगितली. मग म्हणाले, "ही दोन आता एवढीच. आणखी फारशी सुधारणा होणार नाही."

सुहास खाली मान घालून बसला होता. तसाच म्हणाला, "डॉक्टर, शॉर्ट सर्किट नव्हतं. सहाच्या जागी बत्तीसचा एमसीबी मी बसवलेला."

अकरा महिने याचीच वाट पाहिली होती. ऐकून बरं वाटेल असं वाटलं होतं. तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "डोंबिवलीला दादाच्या घरीपण मीच बसवलाय. त्याच आठवड्यात."

मला हे ठाऊक नव्हतं. तिथला बदलायचा तर इथलं सांगावं लागलं असतं, म्हणून हा माणूस अकरा महिने गप्प होता. त्या घरात दोन लहान मुलं आहेत.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग इथे काय बसलात?"

सुहासने तिथूनच दिरांना फोन लावला. ते म्हणाले, अरे वर्षभर काही झालं नाही, आता डेकोरेशन लागलंय, विसर्जनानंतर बघू. आम्ही स्कूटर तशीच डोंबिवलीला वळवली.

हॉलमध्ये माळा, फोकस, सगळं झगमगत होतं. मखरामागची वायर मी चाचपली, चहाच्या कपाइतकी गरम होती. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, काही होत नाही, बाप्पा आहे ना."

माझ्यासारखी वेळ कुणावर येऊ नये म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या घरात खटका वारंवार पडत असेल तर त्याला शिव्या देऊ नका, एक उपकरण काढा. कांबळे भाऊंची, त्या थेरपिस्टची मी जन्मभर ऋणी आहे. सुहासला माफ केलं का, असं विचारतात. नाही केलं अजून.

त्या दिवशी मात्र तो भावासमोर उभा राहिला आणि सगळं सांगू लागला. दीर मध्येच त्याला थांबवायला लागले. मी कुणाचं ऐकलं नाही. बोर्डाखाली स्टूल ओढलं, वर चढले आणि उजव्या हाताने मेन स्विच खाली ओढला. तेवढं तीन बोटांनी होतं.