पातं पास झालं

"अरे, कोणाला मारतोस आत? दार उघड, नाहीतर माणसं बोलावते!"

घरमालकीण काकी ओरडत होती, आणि दारावर तिचा हात असा पडत होता की आगरच्या किनाऱ्यावरून समुद्रात गेलेल्या निम्म्या होड्या घाबरून परत फिरल्या असतील. मी दार उघडलं. तिच्या हातात वाळत घालायचे ओले बोंबील होते. माझ्या खांद्यावरून वाकून तिने खोलीत प्रेत शोधलं. प्रेत नव्हतं. कॉम्प्युटर होता, आणि पडद्यावर एक हिरवंगार पातं.

"मीच ओरडलो, काकी. पातं पास झालं."

"मग पंखा लाव की," म्हणाली आणि वाळवणाच्या बांबूकडे गेली.

मी पंख्याची पाती करत नाही. विमानाच्या इंजिनात कॉम्प्रेसर असतो, गरगरणाऱ्या चकत्यांची रांग. प्रत्येक चकतीभोवती पात्यांची झालर, आणि सगळ्यांनी मिळून हवा दाबत दाबत आत ढकलायची. त्यातलं पहिल्या चकतीचं पातं आखायचं काम माझ्याकडे होतं. प्रत्येक पात्याची स्वतःची एक थरथर असते. पुढच्या आधारदांड्यांना वळसा घालून येणारी हवा बरोबर त्याच ठेक्यात धक्के देऊ लागली, की पातं थरथरत सुटतं आणि मुळाशी तडकतं. मूळ जाड केलं की ठेका चुकायचा, पण हवा रुसायची. हवेची मनधरणी केली की ठेका परत जुळायचा. पावसाळाभर या दोघांनी मला असं दळलं, की दसऱ्याला आरशात पाहिलं तर अर्धाच उरलो होतो, आणि तो अर्धाही माझ्याशी बोलेना. त्या सकाळी मात्र दोघंही मानले, आणि चाचणीत एरवी लाल होणारं पातं पडद्यावर हिरवं झालं.

टीममधल्या लोकांना कळवलं. वेगवेगळ्या शहरांत बसतात, कॅमेरा बंद ठेवून. दोन वर्षांत मी त्यांच्यातल्या एकाचीही हनुवटी पाहिलेली नाही. उत्तरात एक अंगठा आला. मग कोणीतरी दुसऱ्या चकतीचं कुठवर आलं ते विचारलं.

खोलीत दुसरी खुर्ची आहे. तिच्यावर टॉवेल बसतो. टॉवेलला सांगून झालं, तेव्हा वाटलं, ही बातमी जिवंत माणसाला सांगायलाच हवी, आणि त्याने ती खरी मानायला हवी. बास, एका माणसाने. शर्ट बदलला आणि ताईकडे निघालो.

स्टँडपर्यंतच्या रिक्षावाल्याला सांगून पाहिलं. मागे त्याला मी भर वादळात फोनवरून विमान कसं उतरवलं ते ऐकवलं होतं, वैमानिकाच्या रडण्यासकट. "हो का शेठ," म्हणाला आणि गाण्याचा आवाज वाढवला. चारोटीला बस गच्च भरली. चिकूची पाटी मांडीवर घेतलेली एक म्हातारी माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरू लागली. तलासरी येईपर्यंत मी खांदा हलवला नाही. गेल्या कित्येक महिन्यांत इतक्या जवळ कोणी आलं नव्हतं.

ताईचं घर तलासरीच्याही पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. भाताची झोडणी उरकली होती आणि ती अंगणात सूप घेऊन पाखडत बसली होती. मला बघून तिने पाय आखडले, बसायला जागा केली. मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीही फुगवलं नाही. पातं हाताच्या पंज्याएवढं, म्हणून पंज्याएवढंच म्हणालो. वादळ नाही, वैमानिक नाही, कोणी मंत्री गहिवरला नाही. सुपाच्या कडेवर टिचकी मारून थरथर दाखवली. मूळ किती जाड केलं ते दाखवताना दोन बोटांत इतकी बारीक फट ठेवली, की मलाच लाज वाटली. हे चालायला लागलं तर कुठेतरी कोणीतरी सुखरूप उतरेल, एवढंच म्हणालो.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये हसली नाही. सूप पुन्हा हलवायला घेतलं, फोलकट उडू दिलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "एकच पातं? दिवाळीला आलास तेव्हा अख्खं इंजिन तुझं होतं."