मांडवाची बाकी

बाबांचा पनवेलमध्ये मंडप डेकोरेशनचा लहानसा धंदा आहे. त्याच्यावरच मी बी.कॉम. झालो, घरातला पहिलाच. म्हणून पदवीनंतर उधारी वसूल करायचं काम मी स्वतःहून घेतलं. वाटलं, नीट समजावून सांगितलं की लोक देतील.

जवळच्या विचुंबे गावातल्या एका शेठकडे त्यांच्या मोठ्या मुलीच्या लग्नातल्या मांडवाचे पैसे वर्षभर अडकले होते. दिवाळी सरली होती. मांडव उभारणारे आमचे कातकरी गडी मजुरीची वाट बघत होते. ती मिळाली नाही, तर वीटभट्टीवाल्याची उचल घेऊन ते पावसाळ्यापर्यंत निघून जाणार आणि ऐन लग्नसराईत बाबांकडे माणूस उरणार नाही.

बाबांनी एकच बजावलं होतं, आधी विषय काढ, मगच पाणी पी. त्या घरचं जेवून उठलेल्या माणसाला पैशाचं बोलवत नाही.

बऱ्याच खेपा फुकट गेल्या. कधी शेठ साइटवर, कधी गाडी दारात पण माणूस घरात नाही. शेवटी भेटले ते जेवायच्या वेळी. मी तोंड उघडायच्या आत त्यांच्या आईने हात धरून मला ताटावर बसवलं. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण.

"कॉलेजात पोटाला देत नव्हती काय रं तुला?" वाढताना म्हातारी म्हणाली. सगळे हसले, मीही हसलो.

हात धुतल्यावर मी कसंबसं गड्यांच्या मजुरीचं सांगितलं. शेठ शांतपणे म्हणाले, "पैसं कुठं पलत नाय. माघात धाकटीची हलद हाय. मांडव तुमीच घालाचा. दुसऱ्याला दिला तर तुमालाच वाईट वाटंल ना?"

ती धमकी नव्हती, त्यांना खरंच तसं वाटत होतं. पण नाही म्हटलं तर मागची बाकी बुडाली, हे मला दिसत होतं. मी हो म्हणालो.

बाबा रागावले नाहीत. "मीपण तिथून असाच जेवून आलो होतो," एवढंच म्हणाले. त्याच आठवड्यात गडी भट्टीच्या ट्रकात बसून गेले.

धाकटीचा मांडव आम्ही दोघांनीच उभारला. गाठी मला नीट मारता येत नव्हत्या, म्हणून गुडघे दुखत असूनही बाबाच वर चढले. डीजे सुरू झाला तरी झालर बांधून झाली नव्हती. माझी कॉलेजची फी कधीच उशिरा भरली गेली नव्हती. तिचे पैसे बाबा कुठून कुठून मागून आणत असतील, याचा विचार करत मी खाली शिडी धरून उभा होतो.